कच्चं वर, पक्कं आत : रोपांच्या आळ्यात काडीकचरा कसा वापरावा



आपला बीड जिल्हा म्हणजे एका अंगाला गोदाकाठची काळी जमीन आणि दुसऱ्या अंगाला बालाघाटचा मुरमाड माळ. पाटोदा, आष्टी, धारूर, केज, अंबाजोगाई या भागात हातभर खणले की मुरूम लागतो. अशा जमिनीत ज्वारी-बाजरीचा भरवसा नाही, म्हणून अनेकांनी सीताफळ, आंबा, कवठ, बोर अशी झाडे लावली. बांधावर कडुलिंब, बाभूळ, चिंच लावली. १९९० साली फळबाग लागवड रोजगार हमी योजनेला जोडली गेली, तेव्हापासून माळरानावर बागा वाढत आल्या. बीडच्या सीताफळाला तर २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

पण झाड लावणे वेगळे आणि झाड जगवणे वेगळे. मृगात लावलेले रोप दिवाळीपर्यंत हिरवेगार असते. पुढे घरची कर्ती माणसे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. मागे म्हातारी माणसे आणि शाळेची पोरे. विहिरीचा तळ दिसू लागतो. माणसे पाडव्याच्या सुमारास परत येतात, तोवर निम्मी रोपे वाळलेली असतात. जी उरतात त्यांतली काही पिवळी पडून खुरटलेली असतात. योजनेतले पुढच्या वर्षीचे अनुदान जगलेल्या झाडांवर मिळते, म्हणजे रोप गेले की वर्षही गेले आणि पैसाही गेला.

यावर मोठा उपाय आपल्याच शेतात पडलेला आहे. तो म्हणजे काडीकचरा. पऱ्हाटी, तुराट्या, उसाचे पाचट, सोयाबीनचे भुसकट, पालापाचोळा. मात्र हा कचरा योग्य जागी वापरला तर रोपाला तारतो आणि चुकीच्या जागी टाकला तर तोच रोपाला मारतो. हे कसे घडते आणि आपण काय करावे, ते या माहितीपत्रिकेत सांगितले आहे.

आधी दावण, मग आळे

पहिली गोष्ट अशी की, जनावरांच्या तोंडचा चारा काढून आळ्यात टाकू नये. ज्वारीचा कडबा, बाजरीचे सरमाड, भुईमुगाचा पाला, हरभऱ्याचे भूस हे दावणीचे. २०१२-१३ आणि २०१८-१९ या वर्षी छावणीत जनावरे बांधण्याची वेळ आपल्यावर आली होती, ते विसरून चालणार नाही. आळ्यासाठी आणि खतासाठी घ्यायचे ते जनावर खात नाही असेच. म्हणजे पऱ्हाटी, तुराट्या, वाळलेले पाचट, सूर्यफुलाची थाटे, गव्हाण झाडल्यावर उरलेली चघळ, फुलोऱ्यापूर्वी कापलेला तरोटा, बांधावरचा गिरिपुष्पाचा पाला आणि झाडांची गळालेली पाने.

हे सारे आपण बहुधा पेटवून देतो. पेटवल्यावर काय होते? त्यातला कर्ब धुरावाटे जातो. नत्र आणि गंधक यांचाही मोठा भाग हवेत जातो. स्फुरद-पालाश राखेत उरते, पण ती राख वैशाखाच्या वावटळीने दुसऱ्याच्या शेतात जाते. वरच्या थरातले उपयोगी जिवाणू भाजून निघतात ते वेगळेच. दहा मिनिटांत शेत साफ दिसते खरे, पण त्या दहा मिनिटांत वर्षभराची शिदोरी जळून जाते.

कच्चा कचरा पुरला की रोप पिवळे का पडते ?

पुष्कळ शेतकरी बंधू म्हणतात, "साहेब, खड्ड्यात चांगलं पाचट दाबलं, पऱ्हाटीचे तुकडे घातले, तरी रोप पिवळं कसं?" तर तरी नव्हे, त्यामुळेच.

मातीत डोळ्यांना न दिसणारे जिवाणू आणि बुरशी असतात. काडीकचरा कुजवण्याचे काम तेच करतात. त्यांना दोन वस्तू लागतात, कर्ब आणि नत्र. आपल्या जेवणात भाकरी आणि डाळ असते, तसेच समजा. कर्ब ही भाकरी, नत्र ही डाळ. शेणात साधारण वीस भाग कर्बाला एक भाग नत्र असते. गिरिपुष्पाच्या कोवळ्या पाल्यात तर पंधरा भागाला एक भाग किंवा त्याहून चांगले. हे बेताचे जेवण झाले. पऱ्हाटीत मात्र पन्नास-साठ भाग कर्बाला एक भाग नत्र पडते, आणि उसाच्या पाचटात शंभराच्या आसपास. म्हणजे भाकरीची चळत आणि डाळीचा थेंब.

हिशेब करून पाहू. वाळलेले १०० किलो पाचट घेतले तर त्यात कर्ब सुमारे ४० किलो आणि नत्र जेमतेम ४०० ग्रॅम असते. हे पाचट खाऊन जिवाणूंची संख्या वाढायची तर त्यांना एक किलोहून जास्त नत्र लागते. कमी पडलेले नत्र ते कुठून आणणार? आजूबाजूच्या मातीतून. त्याच मातीत आपल्या रोपाची बोटभर मुळे असतात. ती मुळे आणि कोट्यवधी जिवाणू यांच्यात नत्रासाठी ओढाताण लागली की जिवाणू जिंकतात आणि रोप उपाशी राहते. नत्र कुठे नाहीसे होत नाही. ते जिवाणूंच्या शरीरात अडकून पडते. कचरा पुरता कुजला आणि जिवाणू मरू लागले की ते पुन्हा मातीत मोकळे होते. पण पाचट-पऱ्हाटीला त्यासाठी कित्येक महिने लागतात, आणि कोवळे रोप तितके दिवस थांबू शकत नाही.

यात आणखी तीन तोटे आहेत. पुरलेला कचरा कुजत गेला की खड्डा खचतो आणि रोपाचे खोड खाली जाऊन तिथे पाणी साचते. वाळलेल्या लाकडाच्या वासावर वाळवी येते आणि ते संपले की रोपाच्या सालीकडे वळते. कच्चे शेण घातले तर हुमणीचे भुंगे त्यात अंडी घालतात आणि पुढे अळ्या मुळे खातात.

म्हणून एकच सूत्र ध्यानात ठेवा : कच्चं वर, पक्कं आत. कच्चा कचरा मातीच्या वर आच्छादन म्हणून टाकावा. मातीच्या आत फक्त पूर्ण कुजलेले खत जावे. वर टाकलेल्या कचऱ्याचा मातीशी संबंध फक्त खालच्या थरापुरता येतो. तो सावकाश कुजतो आणि मुळांच्या थरातले नत्र ओढून घेत नाही.

खड्डा कसा भरावा

सीताफळासाठी हलक्या-मध्यम जमिनीत ५ मीटर बाय ५ मीटर अंतर घेतले तर एकरी १६० झाडे बसतात. चैत्र-वैशाखात दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल असे खड्डे घ्यावेत. वरच्या फूटभरातली माती एका बाजूला आणि खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला काढावा. खड्डे महिनाभर उन्हात तापू द्यावेत.

भरताना पुढीलप्रमाणे मिश्रण करावे :

१. वरच्या थरातली माती आणि तळ्यातला किंवा ओढ्याकाठचा पोयटा. मुरूम परत खड्ड्यात घालू नये, त्याचा आळ्याभोवती वरंबा करावा.

२. पूर्ण कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट दोन घमेली, म्हणजे सुमारे १५ ते २० किलो.

३. सिंगल सुपर फॉस्फेट एक किलो.

४. निंबोळी पेंड अर्धा किलो. हिच्यात साधारण पाच टक्के नत्र असते, शिवाय वाळवी आणि हुमणी यांना आळा बसतो.

खड्डा जमिनीपेक्षा चार बोटे उंच भरावा, म्हणजे पहिल्या पावसाने दबून तो बरोबर होतो. जुन्या माहितीपत्रकांत खड्ड्यात बीएचसी पावडर टाका असे छापलेले आढळेल. ती पावडर १९९७ पासून देशात बंद आहे. कोणाच्या घरात जुना डबा असेल तर तो वापरू नये आणि मुलांच्या हाती लागू देऊ नये.

आच्छादन कसे करावे

आच्छादन हे ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबासाठी फार कामाचे आहे. परतीचा पाऊस होऊन गेला, जमिनीत ओल आहे, अशा वेळी म्हणजे दसऱ्याच्या आसपास ते घालावे. जमीन वाळल्यावर घातलेले आच्छादन कोरडेपणा झाकते, ओल राखत नाही.

प्रथम आळ्यातले तण काढून वरची माती हलवून घ्यावी. त्यामुळे भेगा बुजतात. नंतर खोडापासून अर्धी वीत जागा मोकळी सोडून चारी बाजूंनी चार बोटे जाडीचा थर द्यावा. कचरा खोडाला अजिबात चिकटू देऊ नये. चिकटला की साल सडते आणि वाळवीला शिडी मिळते. मीटरभर रुंदीच्या आळ्याला चार-पाच किलो पाचट पुरते. एका एकर उसात तीन-चार टन पाचट निघते. म्हणजे एका एकराच्या पाचटात चार एकर बागेची आळी झाकतात. पऱ्हाटी वापरायची असेल तर बोटभर लांबीचे तुकडे करूनच वापरावी.

वाऱ्याने उडू नये म्हणून थरावर दोन-चार ओंजळी माती किंवा दगड ठेवावेत. वाटेच्या कडेला असलेल्या रोपांभोवती दोन हात जागा साफ ठेवावी, कारण एका विडीच्या थोटकाने सारी बाग पेटू शकते. पाचट उचलताना दाताळे किंवा काठी वापरावी. त्याखाली विंचू-सापाची वस्ती असते.

या झाकणाने उन्हाचा तडाखा मातीवर थेट पडत नाही, ओल टिकते, तण कमी येते आणि दोन पाण्यांमधले अंतर वाढते. घरी राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांना रोज घागरी वाहाव्या लागत नाहीत. जोडीला प्रत्येक रोपाजवळ एक कच्चे भाजलेले मडके गळ्यापर्यंत पुरून त्यावर झाकण ठेवले तर पाणी पाझरून थेट मुळांशी जाते. सीताफळ हिवाळ्याच्या शेवटी पाने गाळते, ते मेले असे समजू नये. ती गळालेली पाने आळ्यातच पडू द्यावीत. सीताफळाला शेळी तोंड लावत नाही, पण आंबा आणि बोरीच्या रोपांना बाभळीच्या काट्यांचे कुंपण हवेच.

पऱ्हाटीचे काय करावे

पऱ्हाटीबद्दल वेगळे सांगणे भाग आहे. २०१७ च्या खरिपात मराठवाड्यात आणि विदर्भात शेंदरी बोंडअळीने कपाशीचे मोठे नुकसान केले. ही अळी वाळक्या बोंडांत आणि पऱ्हाटीवरच्या कवड्यांत दडून राहते आणि पुढच्या हंगामात पतंग होऊन बाहेर पडते. बांधावर किंवा घरामागे पऱ्हाटीची गंजी लावणे म्हणजे अळीला बिनभाड्याचे घर देणे. म्हणून डिसेंबरअखेर कपाशी काढून टाकावी, फरदड घेऊ नये आणि पऱ्हाटीची लगेच विल्हेवाट लावावी.

पाण्याची सोय असेल तर खाली दिल्याप्रमाणे कंपोस्ट करावे. नसेल तर ट्रॅक्टरवरच्या यंत्राने पऱ्हाटीचा भुगा करून त्याच शेतात पसरावा आणि नांगरट करावी. अशा शेतात पुढच्या खरिपात तूर, मूग, सोयाबीन यांपैकी एखादे पीक घेतले तर बरे, कारण द्विदल पिके मुळांवरच्या गाठींतून आपले नत्र स्वतः मिळवतात. ज्वारी-बाजरी किंवा पुन्हा कपाशी घ्यायची असेल तर पेरणीच्या वेळचा नत्राचा हप्ता चुकवू नये. चुलीसाठी थोडी पऱ्हाटी ठेवावीच लागते. ती बोंडे-कवड्या झाडून घेऊन ठेवावी आणि उन्हाळ्यातच संपवावी.

पऱ्हाटी कठीण असते, कुजायला वेळ लागतो, ही तक्रार नवी नाही. इंदूरच्या संशोधन संस्थेत आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी यावरच काम केले आणि १९३१ साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. तिथे पऱ्हाटी आणि तुराट्या आधी गाडीवाटेवर अंथरत. बैलगाड्यांच्या चाकांखाली त्या चिरडल्या जात. मग त्या गोठ्यात जनावरांच्या पायाखाली टाकत, म्हणजे मुताने भिजत. गोमूत्रातले नत्र मिळाले की ती कठीण काडी कुजायला तयार होते. ही युक्ती आपल्याला आजही बिनखर्चाची आहे. गाडीवाटेवर आज ट्रॅक्टर फिरतो, इतकाच फरक.

कंपोस्ट खड्ड्याची रीत

१० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट खोल खड्डा उंच जागी, शक्य तर झाडाच्या सावलीत घ्यावा.

१. तळाला वीतभर जाड तुराट्या किंवा पऱ्हाटी टाकावी, म्हणजे हवा खेळते.

२. त्यावर बारीक केलेल्या कचऱ्याचा वीतभर थर द्यावा. कोरड्या कचऱ्यात हिरवा पाला मिसळला तर फार चांगले. गिरिपुष्प, तरोटा, भाजीपाल्याचा टाकाऊ भाग चालतो.

३. प्रत्येक थरावर शेणकाला शिंपडावा. एक टन कचऱ्याला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो कंपोस्ट जिवाणूंचे संवर्धक असे प्रमाण आहे. युरिया आणि सुपर फॉस्फेट पाण्यात कालवून थराथराला विभागून द्यावे. संवर्धक मात्र त्यात मिसळू नये, ते शेणकाल्यातून द्यावे.

४. ओल तपासावी. मूठभर कचरा दाबला की तळहात ओला व्हावा, पण थेंब गळू नये.

५. खड्डा जमिनीच्या वर दीड-दोन फूट भरून शेणमातीने लिंपावा.

६. एका महिन्याने आणि पुन्हा दोन महिन्यांनी वरखाली करावे. चांगल्या ढिगाच्या आत उष्णता ६० अंशांपर्यंत चढते. त्यात अळ्या आणि तणाचे बी मरते.

मऊ कचऱ्याचे खत तीन-चार महिन्यांत होते, पऱ्हाटीचे पाच-सहा महिन्यांत. ज्यांना खड्डा उकरणे शक्य नाही, मुरूम कठीण आहे, त्यांनी जमिनीवर विटांचे जाळीदार टाके बांधावे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नाडेपकाका पांढरीपांडे यांनी ही पद्धत घालून दिली, म्हणूनच तिला नाडेप म्हणतात. तिचे टाकेही १० बाय ६ बाय ३ फुटांचेच असते. तीत शेण कमी आणि माती जास्त लागते, त्यामुळे ज्यांच्याकडे एकच गाय आहे त्यांनाही ती परवडते.

खत पिकले हे कसे ओळखावे

रंग काळपट असावा. पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास यावा. कोणती काडी कशाची हे ओळखू येऊ नये. ढिगात हात घातला तर चटका लागू नये. शेवटी एक सोपी परीक्षा करावी. निम्मे खत आणि निम्मी माती एका कुंडीत किंवा फुटक्या मडक्यात भरून मुगाचे दहा-बारा दाणे टाकावेत. दुसऱ्या मडक्यात नुसती माती घ्यावी. खताच्या मडक्यात दाणे कमी उगवले, पाने वाकडी-गोळा झाली किंवा रोपे पिवळी पडली, तर खत कच्चे आहे किंवा त्यात तणनाशकाचा अंश राहिला आहे. असे खत रोपाला घालू नये.

दूरच्या डोंगरावरही हाच नियम

हिमालयाच्या उतारावर चीड नावाची झाडे असतात. त्यांच्या सुईसारख्या पानांना तिकडे पिरूळ म्हणतात. ही पाने आपल्या पाचटासारखीच नत्राला गरीब असतात, सावकाश कुजतात आणि उन्हाळ्यात वणव्याला निमित्त होतात. पण जुन्या चिडाखाली पिरुळाचा जो खालचा कुजलेला थर असतो, त्यातली थोडी माती वनखात्याची माणसे रोपवाटिकेत मिसळतात. कारण त्या थरात मुळांना स्फुरद आणि पाणी मिळवून देणारी मित्र बुरशी असते आणि तिच्यावाचून चिडाचे रोप धड वाढत नाही. म्हणजे वरचा कच्चा थर जमीन झाकायला आणि खालचा पक्का थर रोप पोसायला. झाड निराळे, मुलूख निराळा, पण नियम तोच.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*खड्ड्यात कच्चा कचरा गेला आहे आणि रोप पिवळे पडले आहे. आता काय करावे ?*

आधी पिवळेपणा कुठे आहे ते पाहावे. खालची जुनी पाने पिवळी असतील तर नत्राची उपासमार आहे. जमिनीत ओल असताना खोडापासून वीतभर अंतरावर २५ ग्रॅम युरिया गोल पसरून मातीत मिसळावा आणि तीन आठवड्यांनी पुन्हा तितकाच द्यावा. शेणकाल्याचे पाणीही द्यावे. वरची कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता आहे. आपल्या चुनखडीच्या जमिनीत ती दिसते. तिथे युरियाचा उपयोग होणार नाही. माती तपासून घेऊन सल्ल्याप्रमाणे हिराकशीची फवारणी करावी.

*आच्छादनाखाली वाळवी दिसते. कचरा काढून टाकावा का ?*

वाळवी वाळलेली काडी खात असेल आणि खोड मोकळे असेल तर घाबरू नये. खोडाभोवतीची जागा साफ करावी, मातीच्या नळ्या पुसून काढाव्यात, निंबोळी पेंड टाकावी आणि ओल द्यावी. जवळपास वारूळ असेल तर ते खणून राणी नष्ट करावी.

*कचरा थोडा आहे. आळ्यात टाकावा की खत करावे ?*

पहिल्या वर्षीच्या रोपांना आच्छादन आधी. मेलेल्या रोपाला खत घालून काय उपयोग ? पुढच्या वर्षी उरलेल्या कचऱ्याचे खत करावे.

वर्षाचे वेळापत्रक

*चैत्र-वैशाख :* खड्डे घ्यावेत. पोयटा आणि पिकलेले खत आणून ठेवावे. जुन्या रोपांचे आच्छादन तपासून भर घालावी.

*मृग-आर्द्रा :* खड्डे भरून रोपे लावावीत. नवा कंपोस्ट खड्डा भरायला हीच वेळ, पाणी आकाशातून मिळते.

*श्रावण-भाद्रपद :* तरोटा आणि तण फुलोऱ्यापूर्वी कापून खड्ड्यात टाकावे. ढीग वरखाली करावा.

*आश्विन :* आळी नीट करून आच्छादन घालावे. मडकी पुरावीत. तोडीला निघण्यापूर्वी हे काम पुरे करावे आणि घरी राहणाऱ्याला पाण्याचा वार ठरवून द्यावा.

*पौष-माघ :* पऱ्हाटी काढून तिची विल्हेवाट लावावी. गंजी लावू नये.

अधिक माहितीसाठी आपल्या गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला भेटावे. सीताफळाविषयी अंबाजोगाईच्या सीताफळ संशोधन केंद्राचा सल्ला घ्यावा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे हे केंद्र आहे.

यंदा गाडीभर पाचट पेटवण्याआधी एकदा आपल्या रोपांकडे बघा आणि मग काडी ओढायची की नाही ते ठरवा. हे पान घडी घालून पंचांगाजवळ ठेवा आणि शेजाऱ्यालाही वाचून दाखवा.